आईच्या दुधाची चिठ्ठी

सकाळी पावणेसातला दूध संकलन केंद्राच्या खिडकीपुढे सव्वीस माणसं रांगेत होती. खिडकीच्या आत टेस्टरवहिनी बसली होती. कॅनमधून पळीभर दूध काढायचं, छोट्या बाटलीत घालायचं, यंत्राच्या नळीखाली धरायचं, चाळीस सेकंद थांबायचं, चिठ्ठी फाडून द्यायची. चिठ्ठीवर तीन आकडे असत: फॅट किती, बाकीचा घन भाग किती आणि पाणी किती मिसळलंय. भांडणं व्हायची ती तिसऱ्या आकड्यावरून. त्या सकाळी एका म्हाताऱ्याला सहा टक्के पाणी निघालं, तेव्हा तो म्हणाला की काल गायच जास्त पाणी प्यायली होती. मागच्याने त्याला गायीलाच सहीला घेऊन यायला सांगितलं. रांग हसली.

सतराव्या नंबरच्या बाईकडे कॅन नव्हता. तिने पिशवीतून खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली काढली. तळाशी दोन बोटं दूध होतं.

"सुनेचं आहे," ती म्हणाली. "बाळ सारखं किरकिरतंय. बघा बरं."

सून रस्त्याच्या पलीकडे उभी होती. खांद्यावर बाळ होतं आणि नजर खिडकीकडे नव्हती. टेस्टरवहिनीने काही विचारलं नाही. चाळीस सेकंदांनी चिठ्ठी बाहेर आली: पाणी तेवीस टक्के. बाईने ती नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि वाटलंच होतं, असं म्हणून निघून गेली. रांग एक पाऊल पुढे सरकली.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चार वर्षांत त्या वस्तीची ती रीतच झाली होती. बाळ रडलं, अंगावर पुरळ आलं, वजन वाढेना, की सुनेच्या दुधाचा नमुना खिडकीवर आणायचा. चिठ्ठीवर पाणी निघालं की अंगावरचं पाजणं बंद, आणि त्याच खिडकीतून चांगल्या फॅटचं पास झालेलं गायीचं दूध बाटलीने सुरू. पाणी निघालं नाही असं एकदाही झालं नव्हतं. घराघरांत भांडण तापलं की सासवा म्हणायच्या, "चिठ्ठी काढू का तुझी?" लेकीच्या दुधाचा नमुना मात्र आजवर एकाही आईने आणला नव्हता.

ही रीत सुरू केली होती टेस्टरवहिनीच्याच सासूने, आणि पहिला नमुना होता टेस्टरवहिनीचा.

सासूबाई म्हणजे केंद्राची मालकीण. एका गायीपासून सुरुवात करून त्यांनी चाळीस गोठ्यांचं दूध एका छपराखाली आणलं होतं. दोन मुलगे वाढवले, नवरा गेल्यावर टँकर घेतला, थोरल्याला तो चालवायला बसवला. दूध नुसतं बोटावर घेऊन त्या फॅट सांगायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायच्या. अशा घरात थोरल्याला, म्हणजे टेस्टरवहिनीच्या नवऱ्याला, मुलगी झाली. नाव ठेवण्याआधीच तिला सगळे चिंगी म्हणू लागले. सासूबाई बाळंतिणीला दूध भरून येण्यासाठी दिवसाला तीन पेले गायीचं दूध समोर बसून पाजत होत्या. चिंगी दुसऱ्या महिन्यापासून ओकू लागली. गालांवर लाल चट्टे आले, शीमध्ये रक्ताचे धागे दिसले.

तेव्हा सासूबाईंनी ठरवलं की सुनेच्या दुधात खोट आहे. त्यांच्याकडे खोट शोधायचं यंत्र होतं आणि यंत्र चालवणारी सूनही घरचीच होती. टेस्टरवहिनीने स्वतःचं दूध स्वतःच्या हाताने नळीखाली धरलं. बावीस टक्के पाणी. या यंत्राच्या शब्दावर तिने तोवर शेकडो माणसांचे कॅन परत पाठवले होते. आपल्याच बाबतीत ते खोटं बोलतंय असं म्हणायला तिची जीभ धजली नाही.

चिंगीला त्या दिवसापासून गायीचं दूध सुरू झालं, भरपूर. ती झपाट्याने वाळली. आठव्या महिन्यात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ती गेली. दारात जमलेल्या बायकांना सासूबाईंनी सांगितलं की आईच्या पाणचट दुधाने पोर पहिल्यापासूनच पोखरली होती. ती चिठ्ठी त्यांनी दाखवलीही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका घरातून औषधाची बाटली खिडकीवर आली.

आता टेस्टरवहिनीचा धाकटा मुलगा तीन महिन्यांचा होता. कुशीत आला की सुटायचा नाही, म्हणून त्याला मुंगळा म्हणत. यंदाही तीन पेले सुरू होते, गालांवर तेच चट्टे होते आणि दोन दिवसांपासून लंगोटावर तेच धागे. त्या सकाळी टेस्टरवहिनी केंद्रावरून घरी आली तेव्हा सासूबाईंनी ओट्यावर नमुन्याची रिकामी बाटली ठेवलेली होती.

"आज तुझा दे," त्या म्हणाल्या. "उगाच वेळ घालवायला नको. मागच्या वेळी घालवला."

टेस्टरवहिनीने बाटली उचलली, धुतली, पालथी घातली, मुंगळ्याला गुंडाळलं आणि बस धरून मोठ्या दवाखान्यात गेली. चार वर्षांत सासूचं न ऐकण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

मुलांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मुंगळ्याचे कपडे काढून त्याला उलटसुलट पाहिलं, लंगोट पाहिला, आणि बाळ काय पितं हे विचारण्याआधी आई काय पिते ते विचारलं. तीन पेले ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. काही मुलांच्या शरीराला गायीच्या दुधातली प्रथिनं शत्रू वाटतात, त्या म्हणाल्या. आईने प्यायलेल्या दुधातला अगदी थोडा अंश तिच्या दुधातून बाळाला मिळतो, आणि काहींना तेवढाही पुरतो. आईचं दूध बंद करायचं नाही. आईचं गायीचं दूध बंद करायचं. दही, लोणी, चीज, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं आणि पाव, सगळं. म्हशीचं आणि शेळीचंही, कारण ती प्रथिनं चुलत भावंडांसारखी असतात. उकळून, पातळ करून भागत नाही. तीन आठवडे रोज वहीत लिहायचं: स्वतः काय खाल्लं, बाळाची शी कशी, कातडी कशी. आईच्या हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

टेस्टरवहिनीने खाली मान घालून विचारलं की आपल्या दुधात पाणी निघालं तर काय करायचं.

"कशात निघालं?"

तिने यंत्राबद्दल सांगितलं.

"ते यंत्र गायीसाठी बनवलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाचं दूध गायीच्या दुधापेक्षा वेगळंच असतं. त्यात प्रथिनं कमी असतात, आणि ती तशीच असायला हवीत. माझं दूध धरलं असतं तरी पाणीच छापून आलं असतं. जगातल्या कुठल्याही बाईचं धरा."

टेस्टरवहिनीने चिंगीबद्दल विचारलं. न पाहिलेल्या बाळाबद्दल खात्रीने बोलणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधी स्पष्ट केलं. पण लक्षणं तीच होती आणि त्यावर तेच दूध बाटलीने भरपूर दिलं गेलं होतं, एवढं त्या म्हणाल्या. टेस्टरवहिनी रडली नाही. हे सगळं कागदावर लिहून, सही-शिक्क्यासह द्या, एवढंच तिने मागितलं.

सोळाव्या दिवशी धागे थांबले. तिसऱ्या आठवड्यात गाल मऊ झाले. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून खात्री करण्यासाठी तिने पुन्हा दूध प्यायलं. दोन दिवसांत सगळं परत आलं आणि या वेळी मुंगळ्याच्या तोंडाभोवती गांधीही उठल्या. दूध पुन्हा बंद झालं. हातावर टोचून तपासणी झाली, तिथे लाल फुगवटा आला. निदान पक्कं झालं. काही मुलांना त्रास हळूहळू होतो, काहींना घटकाभरात, आणि याच्यात दोन्हीची चिन्हं आहेत, डॉक्टरीणबाईंनी बजावलं. थेट दूध तोंडात गेलं तर घसा सुजून श्वास अडकू शकतो. बहुतेक मुलं काही वर्षांत यातून बाहेर पडतात, पण ते कधी आणि कसं पाहायचं हे दवाखान्यात ठरेल, घरी नाही.

घरी हे ऐकून सासूबाई हसल्या. दुधाच्या घरात दुधाचं वावडं म्हणजे सोनाराच्या पोराला सोनं टोचतं म्हणण्यासारखं आहे, असं त्यांनी टँकरवरच्या मुलाला ऐकवलं. त्याने आईपुढे मान डोलावली आणि बायकोपुढेही डोलावली. टेस्टरवहिनी चिठ्ठीबद्दल बोलली, तेव्हा सासूबाईंनी तो विषय तिथेच तोडला. यंत्र खोटं असेल तर उद्यापासून रांगेतल्या सगळ्यांना बिनतपासणीचं दूध घालू दे, त्या म्हणाल्या. पण टेस्टरवहिनीने त्या दिवसानंतर खिडकीवर सुनेचा एकही नमुना घेतला नाही. आलेल्या बायकांना यंत्र बिघडलंय म्हणून परत पाठवलं. खरं कारण सांगायचं धैर्य तिच्याजवळ अजून नव्हतं. मुंगळा वाढतोय ना, एवढं तेव्हा तिला पुरेसं होतं.

तो वाढलाही. सातव्या महिन्यात कुस्करलेला बटाटा आणि गाजर खाऊ लागला, टेबलाचा पाय धरून उभा राहू लागला. टेस्टरवहिनी सकाळी केंद्रावर असताना तो आजीजवळ असे. आजीचा त्याच्यावर जीव होता, हेही इथे सांगायला हवं.

एका गुरुवारी केंद्रावरचं काम लवकर आटोपलं. टेस्टरवहिनी दारात आली तेव्हा मुंगळा आजीच्या मांडीवर होता. ओठ फुगले होते, डोळे बारीक झाले होते, अंगभर गांधी होत्या. तो ओकला आणि मग शिट्टीसारखा श्वास घेऊ लागला. शेजारी बटाट्याची वाटी होती, अर्धी खाल्लेली, नेहमीपेक्षा पातळ आणि पांढरी. टेस्टरवहिनीने एका हाताने मूल उचललं आणि दुसऱ्या हाताने वाटी. कशासाठी, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. नमुना मागे सोडायचा नाही, ही हाताची सवय होती. नवरा दारात टँकर धूत होता. त्याने रिकामा टँकर हाणला. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन गेलं, नाकाला प्राणवायू लागला. दहा मिनिटांनी मुंगळा मोठ्याने रडला. असं रडणं ऐकायला बरं वाटतं, नर्स म्हणाली.

मूल शांत झाल्यावर टेस्टरवहिनीने कामाच्या कोटाच्या खिशातून नमुन्याच्या तीन बाटल्या काढल्या. वाटीतलं खाणं तिने तीन भागांत घातलं, झाकणं लावली, वर कागद चिकटवले, तारीख आणि वेळ लिहिली आणि डॉक्टरीणबाईंना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं. भेसळीच्या दुधाचा नमुना घेण्याची हीच पद्धत होती: एक बाटली केंद्राला, एक घालणाऱ्याला, एक वरच्या प्रयोगशाळेला. डॉक्टरीणबाईंनी तिन्हींवर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. मुंगळा वडिलांजवळ दवाखान्यातच होता. सासूबाई जेवल्या नव्हत्या. टेस्टरवहिनीने दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि उभी राहिली.

"चमचाभरच," सासूबाई म्हणाल्या. "रोज एकेक चमचा वाढवायचा, म्हणजे सवय लागते. वासराला नवीन चारा लावतो तसं. काल तिसरा दिवस होता."

"आणि चिंगीला?"

सासूबाईंनी पदराने टेबल पुसायला घेतलं.

"एक बाटली डॉक्टरांकडे आहे, आई. एक माझी. ही तिसरी पोलिसांकडे जाईल की इथे राहील, ते तुम्ही ठरवायचं."

बाटली इथे राहायची तर अट होती. यंत्र चाचणीचा प्रत्येक आकडा साठवून ठेवत असे. टेस्टरवहिनीने चार वर्षांचे आकडे काढून पाहिले होते. पाणी मिसळलं की फॅटही उतरते; फॅट पुरी आणि तरी वीसच्या वर पाणी, असं दूध कुठलीच गाय देत नाही. ते नमुने शोधायला तिला फार वेळ लागला नाही. तिचा स्वतःचा धरून दहा होते. तारखेवरून आणि नंबरावरून तिने नऊ घरांची यादी केली. सासूबाईंनी तिच्यासोबत प्रत्येक घरी जायचं, ज्या सुनेचा नमुना होता तिला समोर बोलवायचं, आणि उभं राहून सांगायचं की चिठ्ठी खोटी होती, तुझ्या दुधात खोट नव्हती, आणि आम्ही चिंगीला गायीचं दूध पाजून घालवलं.

संध्याकाळी नवऱ्याने दवाखान्याच्या व्हरांड्यात तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. आईचं वय बघ, तो म्हणाला. वस्तीत तिची काय इज्जत राहील. केंद्रावर परिणाम होईल. मी समजावतो तिला, ती परत हात लावणार नाही.

"चार वर्षं माझी काय इज्जत होती?" तिने विचारलं. त्याने मान डोलावली नाही. पहिल्यांदाच.

शनिवारी दोघी निघाल्या. सून पुढे, सासू मागे. पहिलं घर रांगेतल्या सतराव्या नंबरच्या, खोकल्याच्या बाटलीवाल्या बाईचं. तिथल्या बाळाला वावडं नव्हतंच, नुसता पोटात वायू धरत होता. पण आईचं दूध आटून गेलं होतं आणि ते आता परत येणार नव्हतं. सासूबाईंनी वाक्य पुटपुटत म्हटलं. टेस्टरवहिनीने ते पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्या घरी कुणी हसलं. तिसऱ्या घरातल्या म्हातारीने दार लावून घेतलं, तेव्हा दोघी पायरीवर पाऊण तास बसून राहिल्या आणि ये-जा करणाऱ्यांनी विचारलं त्या प्रत्येकाला टेस्टरवहिनीने कारण सांगितलं. शेवटी दार उघडलं. चौथ्या घरची सून त्या चिठ्ठीवरून माहेरी पाठवली गेली होती. तिच्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाचव्या घरी दीड वर्षाच्या मुलाचे कोपरं आणि गुडघे इसबाने ओले होते आणि हातात दुधाची बाटली होती. टेस्टरवहिनीने डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला आणि सोमवारी त्या आईला स्वतः सोबत नेलं.

प्रत्येक दारी ती सासूच्या चेहऱ्याकडे बघत असे. त्या चेहऱ्यावरचं पाणी उतरताना तिला बरं वाटत होतं आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटत नव्हती. रविवारी सासूबाई तापाने पडल्या. तिने ताप उतरेपर्यंत त्यांना औषध दिलं, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि बुधवारी सहाव्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. आता सासूबाईंना आठवण करून द्यावी लागत नव्हती. आठव्या घरी वाक्य म्हणताना चिंगीच्या नावावर त्यांचा आवाज फुटला. तिथली सून त्यांना पाणी द्यायला उठली. टेस्टरवहिनीने तिला आधी वाक्य पुरं होऊ द्यायला सांगितलं.

नववं घर शिंपिणीचं होतं. मशीनवर बसलेल्या त्या बाईने शिवण न थांबवता सगळं ऐकलं. मग पाय थांबवला आणि सासूबाईंना सोडून टेस्टरवहिनीकडे पाहिलं.

"चिठ्ठी तुम्हीच फाडून दिली होती ना?"

"हो."

"मी खिडकीसमोरच उभी होते. बाई आहे, आई झालेली आहे, काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही."

"नाही बघितलं."

"यांना तुम्ही दारोदार फिरवताय. तुम्हाला कोण फिरवणार?"

कुणी न सांगता टेस्टरवहिनीने सासूबाईंचंच वाक्य उचललं आणि त्यात स्वतःला घातलं: चिठ्ठी मी काढली, ती खोटी होती, तुमच्या दुधात खोट नव्हती. शिंपिणीने माफ करणार नाही म्हणून सांगितलं. करू नका, टेस्टरवहिनी म्हणाली. मग शिंपिणीने मशीनच्या खणातून खडू काढला आणि कापडाच्या चिंधीवर तीन घरांचे पत्ते लिहून दिले. ती घरं पुलापलीकडच्या दुसऱ्या केंद्रावरची होती. तिच्या बहिणीचं सासर तिथलं. आता तिथेही सुनांचे नमुने घेतात, ती म्हणाली. इथलं ऐकून सुरू केलंय त्यांनी.

बाहेर आल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या. त्यांनी चपला काढल्या. घोटे सुजून टम्म झाले होते. यादी संपली का, त्यांनी विचारलं. टेस्टरवहिनीने चिंधी पुढे केली. त्यांनी ती वाचली, पुलाच्या दिशेने पाहिलं.

"किती दिवस फिरवणार आहेस मला?"

"चिंगी आठ महिने होती, आई."

सासूबाईंनी वाकून चपला पायात घालेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. हात पुढे केला नाही.